उजव्या कानाला दोन, डाव्या कानाला एक

मी एक जुनी उंदरीण आहे. जुनी म्हणा, म्हातारी म्हणू नका; त्या शब्दाचा मला भारी राग येतो. वय माझं दोन वर्षं आणि दोन महिने. तुमच्याकडे एवढ्या वयाचं बाळ धड बोलतही नाही, पण आमच्यात एवढी जगलेली उंदरीण म्हणजे पणजीची पणजी. मिशा पिकल्यात का म्हणाल, तर त्या पहिल्यापासून पांढऱ्याच. अंग पांढरं, डोळे लाल, कानांना मिळून तीन भोकं, आणि शेपटीचं टोक गायब. ते कुठे गेलं ते सांगतेच, जरा दम धरा.

मित्रांनो, उंदीर दिसला की तुम्ही किंचाळून खुर्चीवर चढता, हे मला ठाऊक आहे. माझ्या खोलीत मात्र सगळं उलटं. इथे येणारी माणसं आधी बूट काढतात, हात धुतात, डगला चढवतात, टोपी घालतात, तोंडाला मास्क लावतात, हातमोजे घालतात, आणि वर त्या हातमोज्यांवरही स्पिरिट मारून घेतात. का? तर त्यांची घाण आम्हाला लागू नये म्हणून! एवढा मान तुमच्या घरी पाहुण्यांना तरी मिळतो का, सांगा बरं.

माझं घर म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा एक डबा. वर तारेचं झाकण, झाकणाच्या खोलगट भागात खाण्याच्या कांड्या, शेजारी पाण्याची उलटी बाटली. खाली लाकडाचा भुसा आणि दर आठवड्याला कापसाचा एक नवा चौकोन. तो चौकोन मिळाला की मी पाच मिनिटांत पिंजून त्याचं घरटं करते. डब्याच्या पुढे एक कार्ड खोचलेलं असतं, त्यावर आमची सगळी कुंडली. असे डबे रॅकवर ओळीने मांडलेले, आणि अशा रॅकच्या तीन भिंती. चौथ्या भिंतीला दार आणि काचेची एक खिडकी. सकाळी सातला दिवे आपोआप लागतात, संध्याकाळी सातला आपोआप जातात. उकाडा नाही, थंडी नाही. सुखाचा जीव म्हणतात ना, तोच माझा.

या खोलीचे मालक म्हणजे पिंजरेवाले काका. मालक मी आपली म्हणते. खरं तर त्यांचं काम डबे धुण्याचं, भुसा बदलण्याचं, आमच्या तब्येती बघण्याचं. पण तेवीस वर्षं ते इथे आहेत आणि कुणाचं ऐकत नाहीत. दार उघडलं की आधी आम्हाला विचारतात, "काय मंडळी, झाली का झोप?" मग माणसांशी बोलतात.

आणि दुसरी, आमची ताई. जाड भिंगांचा चष्मा, मास्क लावला की त्या भिंगांवर वाफ, आणि वाफ पुसायला हात मोकळा नाही, म्हणून सतत मान वाकडी करून बघणारी. माझ्या जन्माला तीच कारण आहे, म्हणून तिची हकीकत नीट ऐका.

ताईला एक मामा आहे. तिचा फार लाडका. या मामाच्या रक्तात लहानपणापासून एक प्रथिन नाही. ते प्रथिन नसलं की रक्त गोठत नाही. तुम्हाला खरचटलं तर दोन मिनिटांत खपली धरते. मामाला नुसता दात पडला तर आठवडाभर रक्त यायचं. खेळायचं नाही, धावायचं नाही, गुडघा जरा आपटला की आत रक्त साचून टम्म फुगायचा. असे फुगून फुगून त्याचे दोन्ही गुडघे आखडले आणि हातात काठी आली. ताई लहानपणी त्याच्या पाठीवर बसायला जायची तर आजी ओरडायची. तेव्हाच तिने ठरवलं म्हणे, की मामाला हवं ते प्रथिन आपण कुठून तरी आणायचंच.

आता हे आणायचं कुठून? तर दुधातून! हसू नका. मामालाही असंच हसू आलं होतं. ताईचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून खोलीत यायचा, आणि मामाचा फोन आला की ती स्पीकर लावून डबे बदलता बदलता बोलायची. त्यामुळे आम्हा सगळ्यांना मामा आवाजाने चांगला माहीत.

"काय गं, दुभतं कसं काय आहे तुझं?" तो विचारायचा. "गाय झाली, म्हैस झाली, माणसं शेवटी उंदराचं दूध काढायला लागली!"

"अरे मामा, ऐक ना नीट," ताई म्हणायची. "तुझ्या घरात वायरिंग सगळीकडे एकच आहे की नाही? पण स्वयंपाकघराचं बटण दाबलं तर दिवा स्वयंपाकघरातच लागतो. शरीराचं तसंच आहे. प्रत्येक पेशीत सगळ्या प्रथिनांच्या कृती लिहिलेल्या असतात. पण दुधाच्या प्रथिनांचं बटण दुधाच्या ग्रंथीतच दाबलं जातं, तेही पिल्लं झाल्यावर. मी काय करतेय, तुला हवं आहे त्या प्रथिनाची कृती घ्यायची आणि ती दुधाच्या बटणाला जोडायची. मग ते दुधातच उतरणार, दुसरीकडे कुठे नाही."

"आणि दुसरीकडे उतरलं तर?"

"तर घोटाळा. अंगभर रक्त गोठवणारं प्रथिन म्हटल्यावर त्या उंदराच्या अंगात गाठीच होतील."

तर मित्रांनो, बटण आणि कृती जोडलेला तो तुकडा ताईने काचेच्या सुईने, सूक्ष्मदर्शकात बघत, एका उंदराच्या अंड्यात टोचला. केसाहून बारीक सुई! श्वास रोखून टोचायचं. ते अंडं म्हणजे मी. माझ्यासारखी अजून वीस-पंचवीस अंडी होती. मग आम्हाला एका उंदरीणबाईच्या पोटात ठेवलं, आणि एकवीस दिवसांनी आम्ही सात भावंडं जन्माला आलो, गुलाबी, आंधळी आणि प्रचंड भुकेली.

गंमत अशी, की टोचलेला तुकडा प्रत्येकात टिकतोच असं नाही. दहांतल्या एकात टिकला तरी नशीब. आणि टिकला तरी तो आतमध्ये कुठे जाऊन बसेल याचा नेम नाही. शेजार चांगला मिळाला तर नीट काम करतो, सुस्त शेजार मिळाला तर झोपून जातो, आणि आगाऊ शेजार मिळाला तर नको तिथे जागा होतो. माझ्या आधी चौघांत तो टिकला होता. पहिल्या दोघींच्या दुधात काहीच आलं नाही. तिसरीच्या दुधात नाही, लाळेत आलं! चौथा नर होता; त्याच्या लेकींच्या रक्तातच ते उतरलं आणि बिचाऱ्या गाठी होऊन दगावल्या. ताई त्या दिवशी जेवली नाही, असं काका सांगतात.

चार वर्षं झाली होती. ताईच्या वरच्या मोठ्या मॅडमनी तिला आणखी एक संधी दिली होती. शेवटची. पाचवा उंदीर मिळाला आणि त्याचं जमलं तर ठीक, नाही तर काम बंद, खोली रिकामी.

आता माझ्या शेपटीचं टोक. आम्ही तीन आठवड्यांचे झालो तेव्हा काकांनी आम्हाला एकेकाला उचललं. कुणात तुकडा टिकलाय ते तपासायला शेपटीचं एवढंसं टोक लागतं. चिमटा काढल्यासारखं झालं, संपलं. पण टोक कुणाचं ते कळायला हवं ना? सगळे पांढरे, सगळे सारखे. म्हणून तिकिटाला भोक पाडतात तशा छोट्या चिमट्याने कानाला भोकं पाडतात. मला उजव्या कानाला दोन आणि डाव्या कानाला एक. माझ्या शेजारी झोपणाऱ्या बहिणीला उजव्याला एक आणि डाव्याला दोन. काकांनी टोकं नळ्यांत टाकली, नळ्यांवर लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले. मोतीबिंदू झाला होता.

चार दिवसांनी तपासणीचा कागद आला. सातांतल्या एकीतच तुकडा टिकला होता: उजव्या कानाला दोन, डाव्या कानाला एक. म्हणजे मी! ताई कागद छातीशी धरून आली. काका नव्हते, म्हणून आमची वेगवेगळी सोय तिनेच लावायला घेतली.

आणि इथेच माशी शिंकली.

काका आम्हाला शेपटीच्या मुळाशी धरून झाकणाच्या जाळीवर ठेवतात. तोंड पलीकडे, पाठ त्यांच्याकडे. मग माझा उजवा कान त्यांच्या उजव्या हाताला. सरळ हिशेब. पण ताईला आमच्याशी बोलायची सवय. ती आम्हाला तळहातावर घ्यायची, तोंड स्वतःकडे करायची आणि डोळ्यांत डोळे घालून म्हणायची, "काय गं सोनुली?" असं समोर धरल्यावर माझा उजवा कान तिच्या डाव्या हाताला गेला. तिला वाटलं, हिच्या डाव्याला दोन. मग तिने माझ्या बहिणीला उचललं, समोर धरलं, आणि तिच्या ज्या कानाला दोन भोकं दिसली तो आपला उजवा समजून आनंदाने ओरडली, "सापडली! हीच ती!"

मायेपोटी झालेली चूक हो. पण चूक ती चूकच.

बहिणीला नवा डबा, दुप्पट कापूस आणि कार्डावर लाल तारा मिळाला. माझ्या कार्डावर ताईने एकच शब्द लिहिला: रिकामी. तुकडा न टिकलेल्यांना इथे तसंच म्हणतात. खोटं कशाला बोलू, मला भयंकर मत्सर वाटला. काल माझ्या पायावर पाय टाकून झोपणारी ती आज तारकाधारी, आणि मी रिकामी! बाकीची भावंडं एका मोठ्या टोपलीतून गेली, ती परत काही दिसली नाहीत. रिकाम्यांना इथे फार दिवस ठेवत नाहीत. माझं नशीब एवढंच, की शेजारच्या खोलीत दूधआया कमी पडत होत्या. दूधआई म्हणजे जिने आपल्या पिल्लांबरोबर दुसऱ्यांच्या अनाथ पिल्लांनाही पाजायचं. धडधाकट मादी हवी होती. मी गुबगुबीत होते. गेले.

तिथे माझं लग्न एका अबोल गृहस्थाशी लागलं. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. त्याला खाणं आणि झोपणं सोडून कशात रस नव्हता. यथावकाश मला सात पिल्लं झाली. तोवर काका रजेवरून परतले होते. "आता तुमच्या मिशासुद्धा मोजता येतात मला," म्हणून सगळ्या डब्यांपुढून मिरवून आले. मग एके दिवशी त्यांनी आई गेलेली चार पिल्लं आणली, माझ्या डब्यातल्या भुशात घोळली आणि हळूच माझ्या पिल्लांत सरकवली. अंगाला माझ्या घरचा वास लागला की मला ती परकी वाटू नयेत, ही त्यांची युक्ती. मला कळलं नाही असं त्यांना वाटतं. मला चांगलं कळलं होतं. पण चिमुकली तोंडं दुधाला लागली, आता काय हाकलून द्यायचं? सात आणि चार, अकरा. माझ्या नाकी नऊ आले, पण खरं सांगू, आयुष्यात इतकं सुख मला कधी झालं नाही. एक पोट भरून बाजूला होतंय तोच दुसरं लुचतंय, घरट्यात ऊब, आणि सगळीकडे चूं चूं चूं.

तिकडचं मला पुढे बहिणीनेच सांगितलं: तिलाही पिल्लं झाली होती, माझ्या आठवडाभर आधी. तिचं दूध काढलं, तपासलं, काही नाही. दोन दिवसांनी पुन्हा काढलं. पुन्हा काही नाही. दुधात प्रथिन असलं की तपासणीच्या कागदावर काळी रेघ उमटते; ताईने कागद उलटासुलटा करून पाहिला, पण त्यावर एक रेघ असेल तर शपथ.

मोठ्या मॅडम वाईट नव्हत्या. त्या स्वतः खोलीत आल्या, ताईच्या शेजारी स्टुलावर बसल्या.

"अगं, पाच झाले," त्या म्हणाल्या. "तू कमी पडली नाहीस. पण आता थांबायला हवं."

"मॅडम, अजून एकदा..."

"नाही गं. शुक्रवारी खोली मोकळी करू. काकांना यादी दे."

ताईने यादीसाठी कागद पुढे ओढला. चष्म्यावर वाफ धरली होती, आणि ती मास्कमुळे नव्हती. तेवढ्यात मामाचा फोन वाजला. तिने तो उचललाच नाही.

शुक्रवार उजाडला. काकांच्या हातात यादी होती. लाल ताऱ्याचा डबा पहिला. ताई दाराशी उभी होती, आत यायचं धाडस होत नव्हतं. आता काकांची एक रीत आहे. कान बघितल्याशिवाय एकही जीव ते खोलीबाहेर जाऊ देत नाहीत. जिवंत असो, मेलेला असो, यादी कितीही मोठी असो. आधी कान, मग कार्ड, मग बाहेर. तेवीस वर्षं. त्यांनी बहिणीला शेपटीच्या मुळाशी धरलं, जाळीवर ठेवलं, तोंड पलीकडे, पाठ आपल्याकडे. कान बघितले. कार्ड बघितलं. परत कान बघितले.

"ताई, हिचे कान उलटे आहेत," काका म्हणाले.

"काका, कान कसे उलटे असतील?"

"मला काय माहीत! कार्डावर उजव्याला दोन लिहिलंय. हिच्या उजव्याला एक आहे."

"दोन आहेत. मी स्वतः बघून वेगळी केली तिला."

"हे तुम्ही चार महिन्यांपूर्वी म्हणाला असतात तर ऐकलं असतं," काका म्हणाले. "आता माझे डोळे नवीन आहेत. या, तुम्हीच बघा."

ताई आत आली. तिने बहिणीला तळहातावर घेतलं, तोंड स्वतःकडे केलं, आणि म्हणाली, "हे बघा. उजव्याला दोन."

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "ताई, उजवा कुणाचा? तुमचा का तिचा?"

बहीण सांगते, त्यानंतर तिला नुसतं गरगरलं. ताईने बहिणीचं तोंड पलीकडे फिरवलं. परत स्वतःकडे फिरवलं. परत पलीकडे. मग ती भुशाच्या पोत्यावर मटकन बसली.

"काका, मग ती दुसरी? मी रिकामी लिहिलं ती? ती कुठेय? तिला तर..."

"बाकीची पाठवली तुम्ही. एकीला दूधआई केली, असं वहीत आहे."

मग काय विचारता! दोघं धावत सुटली. दाराबाहेर डगले बदलायचे, हातमोजे बदलायचे, स्पिरिट मारायचं. नियम म्हणजे नियम. ताई डगल्यात अडकली तर काका म्हणाले, "डोकं बाहीत घालताय, ताई." मला यातलं काही माहीत नव्हतं. मी आपली अकरा जणांना घेऊन पडले होते. एकदम झाकण उघडलं, काकांनी मला जाळीवर ठेवलं, आणि दोन चेहरे माझ्या पाठीवर वाकले.

"उजव्याला दोन," काका म्हणाले.

"डाव्याला एक," ताई म्हणाली, आणि रडायला लागली. "काका, ही पाजतेय! हिला दूध आहे! अहो, दहा दिवस झाले हिला व्यायला, आजच काढायचा दिवस!"

"वहीत दूधआई वाचलं तेव्हाच मला कळायला हवं होतं," काका स्वतःवरच चिडले होते. "मी रोज हिच्यासमोर उभा राहतो. पण दूधआईचे कान कोण बघतो?"

मित्रांनो, उंदराचं दूध कसं काढतात, हे तुम्हाला विचारायचंच होतं ना? आधी पिल्लांना दोन तास ऊबदार डब्यात वेगळं ठेवतात, म्हणजे दूध साठतं. मग मला गुंगीचं औषध आणि पान्हा फुटायचं एक छोटं इंजेक्शन. मग शाईपेनाच्या रिफिलीएवढी बारीक नळी, तिच्यातून अगदी हलकं ओढायचं. टप्. एक थेंब. टप्. दुसरा. ताई श्वास न घेता काढत होती. नखाएवढ्या कुपीच्या तळाशी दूध जमलं, तर काका म्हणाले, "चहापुरतंही नाही!" आणि ताई रडता रडता हसली. मी जागी झाले तेव्हा अकराच्या अकरा पिल्लं मला ढुशा देत होती. औषधाचं दूध ती लबाडं दहा दिवस पोटभर पीत होती आणि बाहेर माणसं त्याच्या एका थेंबासाठी तळमळत होती.

दूध तपासायला पूर्ण एक दिवस लागतो. ताईने मॅडमकडून तो एक दिवस मागून घेतला. त्यांनी नुसतं "घे" म्हटलं. माझ्या रक्ताचाही एक थेंब घेतला, कारण दुधात आहे एवढं पुरत नाही, रक्तात नाही हेही दिसायला हवं. तो दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. रिकामी म्हणून घेतलं होतं, सवय झाली होती. पण आता आस लावल्यावर परत रिकामी निघाले तर? आणि निघाले तर परवा यादीत पहिला डबा माझा. पिल्लं पाजायची आणि दाराकडे बघायचं, दुसरं काही सुचेना. काकाही उगाच चार वेळा येऊन माझी पाण्याची बाटली बदलून गेले. भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आली. तिने मास्क उलटा लावला होता. हातात एक ओला कागद होता. तिने तो काचेवर धरला. त्यावर एका रकान्यात काळीभोर, जाडजूड रेघ. शेजारच्या रकान्यात काही नाही.

"हे दूध," ती म्हणाली. "आणि हे रक्त. दुधात आहे, काका. फक्त दुधात!"

काकांनी टोपी काढली. नियम मोडून काढली. दोघांनी एकमेकांचे हातमोज्यातले हात धरून रॅकच्या मधे गोल गिरकी घेतली, आणि एका डब्याला धक्का लागून आतला बोका, म्हणजे आमच्यातला एक जाडा नर, चिडून पाय आपटू लागला. मॅडम खिडकीपाशी आल्या, त्यांनी काचेतून रेघ बघितली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला तर आनंदाने काही सुचेना. मी कापूस घेतला आणि बांधलेलं घरटं परत पहिल्यापासून बांधलं.

मग ताईने मामाला फोन लावला.

"काय गं, चार दिवस फोन उचलत नाहीस! दुभतं आटलं की काय?"

"मामा," ताई म्हणाली, "आलं रे. दुधात आलं."

  मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "तिला काय आवडतं खायला, विचार जरा," तो म्हणाला. "माझ्यातर्फे." त्या दिवशी मला सूर्यफुलाच्या चार बिया मिळाल्या. अहाहा!

पुढचं सगळं भराभर झालं. माझ्या निम्म्या लेकींत तुकडा उतरला होता, त्यांच्याही दुधात रेघ आली. पण एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवणार नाही. काळजात, यकृतात, मेंदूत ते प्रथिन खरंच नाही ना, हे आत बघितल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी माझ्या सहा लेकींनी जीव दिला. त्यांना झोपेचं औषध देताना ताई स्वतः बसली होती. प्रत्येकीच्या कानांची खूण तिने वहीत आपल्या हाताने लिहिली, आणि त्या दिवशी मामाशी बोलताना तिने आधी त्यांचं सांगितलं, मग निकालाचं. कुठेही नव्हतं. फक्त दुधात. मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं. अभिमानही वाटतो. दोन्ही एकदम वाटतं, काय करू?

माझी बहीण मात्र आता रिकामी ठरली. नियमाप्रमाणे तिला ठेवायचं कारण नव्हतं. काकांनी कार्ड पुढे केलं आणि विचारलं, "हिचं काय?" ताईने कार्ड घेतलं, लाल तारा खोडला नाही, आणि खाली लिहिलं: "दोघी एकत्र राहतील. हलवू नये." तेव्हापासून ती माझ्याच डब्यात आहे. घोरते, माझ्या वाटच्या कांड्या खाते, आणि आपल्याला कसं राणीसारखं ठेवलं होतं ते दिवसातून तीनदा ऐकवते. मी ऐकून घेते. तिच्या जागी मी असते तर मीही ऐकवलं असतं.

ताईच्या टेबलामागच्या भिंतीवर आता एक चित्र लावलंय. उंदराची पाठ, आणि दोन बाण. ताई अजूनही आम्हाला आधी समोर धरून गप्पा मारते. मग मुकाट्याने फिरवून कान वाचते.

मागच्या महिन्यात मामा आला होता. खोलीत येता येत नाही, म्हणून खिडकीबाहेर काठी टेकून उभा राहिला. आवाजावरून मला तो आडदांड वाटला होता. निघाला काडीसारखा, डोळे मात्र मिश्किल. ताईने मला काचेजवळ नेलं. तो खूप वेळ बघत होता. मग म्हणाला, "एवढीशी?" काचेमुळे आवाज आला नाही, पण ओठ दिसले. मला जरा राग आला. मग त्याने काचेवर तळहात ठेवला, माझ्या बरोब्बर समोर, आणि माझा राग गेला.

तर मित्रांनो, माझी कहाणी इथवर आली. पण काम अजून संपलेलं नाही. माझ्यासारख्या शंभरजणींचं दूध काढलं तरी मामाला पुरायचं नाही. म्हणून तेच बटण आणि तीच कृती आता ताई शेळीसाठी जुळवतेय. ती शेळी अजून जन्मालाही आलेली नाही. ती होणार, मोठी होणार, तिला करडं होणार, मग दूध येणार. यात काही वर्षं जातील. मी काही तोवर नाही. डोळे पुसा, मी रडत नाहीये. आमच्यात दोन वर्षं म्हणजे भरलेलं ताट.

पण एक मागणं आहे. पुढे कधी ती शेळी तुम्हाला भेटली, तर तिच्या अंगावर ओरडू नका. तिची जागा कोरडी ठेवा, पाणी रोज बदला, आणि दूध काढताना घाई करू नका, तिला दुखतं. तिने आपल्या दुधाचा तोरा मिरवला तर मिरवू द्या. तिला सांगा, की हे दूध पहिल्यांदा जिला आलं ती मुठीत मावणारी होती, तिच्या कार्डावर रिकामी लिहिलं होतं, आणि तिच्या दुधावर अकरा पिल्लं वाढली. शेळीला ते पटणार नाही. नाही पटलं तर राहू दे, तिला पोटभर हिरवा पाला घाला.